पायाखालचे तारे : 'सेल्युलॉइड हीरोज' हे गाणे कसे ऐकावे

'द किंक्स' या इंग्लिश रॉक बँडचे 'सेल्युलॉइड हीरोज' हे गाणे सव्वासहा मिनिटांच्या आसपासचे आहे, पण ते नीट ऐकायचे असेल तर एक संध्याकाळ मोकळी ठेवावी लागते. हॉलिवूडमधल्या एका रस्त्यावर फुटपाथात बसवलेल्या ताऱ्यांवर नटनट्यांची नावे आहेत. त्या रस्त्याने चालत जाणाऱ्याच्या या गाण्यात त्यांपैकी सात नावे येतात आणि प्रत्येक नावामागचे अख्खे आयुष्य एकदोन ओळींत गुंडाळून ठेवलेले असते. ही नावे ज्याच्या ओळखीची नाहीत, त्याला ते एक संथ, गोड आणि किंचित उदास गाणे वाटते, आणि चाल आवडली म्हणून तो ते पुन्हा लावतो. पहिली काही वर्षे मीही ते तसेच ऐकत होतो. पुढे एकेका नावाची ओळख होत गेली, तसतसे लक्षात आले की पडद्यावरच्या कीर्तीची किंमत कोण, किती आणि कशी मोजतो, याविषयी रॉक संगीतात इतक्या मायेने क्वचितच कोणी बोलले असेल. सिनेमावर मनापासून प्रेम करणाऱ्या, पण इंग्रजी रॉकची फारशी सवय नसलेल्या मराठी श्रोत्याने हे गाणे कसे ऐकावे, हे मला येथे सांगायचे आहे.

प्रथम ध्वनिमुद्रण नेमके निवडावे. हे गाणे १९७२ मध्ये 'एव्हरीबडीज इन शोबिझ' या दोन तबकड्यांच्या अल्बममध्ये आले. त्यातली पहिली तबकडी स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यांची आहे, तर दुसरीवर त्याच वर्षी मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये झालेल्या कार्यक्रमांतली गाणी आहेत. 'सेल्युलॉइड हीरोज' पहिल्या तबकडीच्या अगदी शेवटी येते आणि सुरुवात त्याच ध्वनिमुद्रणापासून करावी. १९८० च्या 'वन फॉर द रोड' या अल्बममध्ये त्याचे मैफलीतले रूप आहे, २००९ मध्ये ते समूहगायकांसह पुन्हा ध्वनिमुद्रित झाले आणि २०१० मध्ये जॉन बॉन जोव्ही व रिची सॅम्बोरा या अमेरिकन रॉक कलावंतांच्या साथीनेही गायले गेले. ही सारी रूपे ऐकण्याजोगी असली तरी ती मागाहून ऐकावीत, कारण मूळ ध्वनिमुद्रणातला एकटेपणा गर्दीत राहत नाही. गाणे स्वतंत्र सिंगल म्हणूनही निघाले होते, परंतु ते लोकप्रियतेच्या याद्यांत पोहोचलेच नाही. कीर्तीविषयीच्या या गाण्याला स्वतःची कीर्ती फार सावकाश मिळाली.

गाणे कोणी लिहिले हे ठाऊक असणे येथे उपयोगाचे आहे. रे डेव्हीज हे उत्तर लंडनचे. त्यांनी आणि त्यांचे धाकटे भाऊ डेव्ह यांनी उभ्या केलेल्या या बँडला १९६४ मध्ये 'यू रिअली गॉट मी' या गाण्याने एका रात्रीत नाव मिळवून दिले. त्या गाण्यातला गिटारचा फाटका, खरखरीत आवाज डेव्ह यांनी ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा पडदा ब्लेडने चिरून काढला होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या दौऱ्यात इतके तंटे झाले की तिथल्या संगीतकारांच्या संघटनेने बँडला कार्यक्रमांची परवानगी देणे थांबवले, आणि ब्रिटिश बँड अमेरिकेत पैसा व प्रसिद्धी लुटत असताना किंक्स १९६९ पर्यंत त्या देशाबाहेरच राहिले. म्हणजे ज्याने अमेरिका आधी पडद्यावर पाहिली, मग हाताशी येऊन ती दुरावली, आणि शेवटी पुन्हा जिच्या रस्त्यांवरून चालायला मिळाले, असा माणूस हॉलिवूडविषयी लिहितो आहे. त्या अल्बममधली बरीचशी गाणी दौऱ्यावरच्या दिवसांची, हमरस्त्यांची, हॉटेलांची आणि खाण्यापिण्याची आहेत. त्यांतले 'सिटिंग इन माय हॉटेल' तेवढे आधी ऐकून घ्यावे. हॉटेलच्या खोलीत बसलेला प्रसिद्ध गायक त्यात विचार करतो की आपले जुने मित्र आपल्याला या थाटात पाहून काय म्हणतील. हा प्रश्न मनात ठेवून पुढे सरकले, तर नंतरच्या गाण्यात दुसऱ्यांविषयीची माया कुठून येते ते कळते.

आता ऐकण्याची पहिली फेरी. या वेळी शब्दांचा कागद समोर घेऊ नये. सुरुवातीला पियानो आहे आणि त्यावर रे यांचा साधा, जवळजवळ बोलण्यासारखा आवाज. 'यू रिअली गॉट मी' ऐकून आलेल्या श्रोत्याला वाटेल की आता गिटार अंगावर धावून येईल, पण तसे घडत नाही. बाकीची वाद्ये मागून येऊन मिसळतात, ध्रुवपदाला इतरांचे आवाज साथ देतात आणि गाणे हळूहळू रुंद होत जाते. एकट्याचा आवाज कधी असतो आणि अनेकांचे आवाज कधी येतात, एवढेच या फेरीत पाहावे. नावे घेऊन एकेका माणसाविषयी बोलताना गायक बहुधा एकटा असतो, आणि रस्त्यावरच्या सगळ्याच ताऱ्यांविषयी बोलू लागला की बाकीचे त्याच्या मदतीला येतात. लयही चालण्याची आहे, तीही घाईने जाणाऱ्याची नव्हे. कोणी खाली बघत, मध्येच थांबत, पुन्हा निघत चालावे तशी ती आहे.

दुसऱ्या फेरीआधी रस्ता डोळ्यांसमोर आणावा. लॉस एंजेलिस शहरात हॉलिवूड बुलेव्हार्ड या रस्त्याच्या दोन्ही फुटपाथांवर पंधरा ब्लॉक, आणि त्याला छेदणाऱ्या व्हाइन स्ट्रीटवर तीन ब्लॉक, अशा अंतरात मोझेकसारख्या टेराझो फरशीचे चौकोन बसवलेले आहेत. प्रत्येक काळसर चौकोनात गुलाबी रंगाचा पाच टोकांचा तारा, त्याला पितळेची कड, त्यात पितळी अक्षरांत नाव आणि चित्रपट, दूरचित्रवाणी, ध्वनिमुद्रण, नभोवाणी किंवा रंगभूमी अशा ज्या क्षेत्रासाठी मान मिळाला त्याचे लहानसे चिन्ह असते. १९६० च्या सुमारास 'हॉलिवूड वॉक ऑफ फेम' नावाची ही वाट तयार झाली आणि आज तिच्यावर २,७०० हून अधिक तारे आहेत. नवा तारा बसवायचा तर हजारो डॉलरचे शुल्क भरावे लागते, आणि ते बहुधा चित्रपटसंस्था किंवा चाहते भरतात. गाण्यात ही नावे काँक्रीटमध्ये लिहिली असल्याचा उल्लेख येतो. सिमेंटमध्ये हातापायांचे ठसे आणि सह्या आहेत त्या याच रस्त्यावरच्या, १९२७ मध्ये सुरू झालेल्या चायनीज थिएटरच्या अंगणात. त्यामुळे कवीने दोन जागा एक केल्या आहेत असे म्हणता येईल, पण मला त्यात चूक दिसत नाही. गुळगुळीत फरशीपेक्षा काँक्रीट हा शब्द अधिक कठोर आहे, आणि गाण्याला तो कठोरपणाच हवा आहे.

या फेरीत ऐकायचे ते क्रियापद. गायक सोबतीला चालत असल्यासारखा आपल्याला सांगत राहतो की इथे पाय देऊ नका, हा चावेल म्हणून जरा जपून जा, आणि हिच्याजवळ मात्र थोडे थांबा. मराठी श्रोत्याला ही भाषा समजावून सांगावी लागत नाही, कारण पुस्तकाला किंवा माणसाला चुकून पाय लागला तर हात लावून तो कपाळाला नेण्याची सवय आपल्याला लहानपणापासून असते. मला तर दर वेळी पंढरपूरची नामदेव पायरी आठवते. विठ्ठलमंदिराच्या महाद्वारातल्या त्या पायरीवर वारकरी पाय ठेवत नाहीत, तिच्यावर डोके टेकवतात आणि ती ओलांडून आत जातात. संतांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी म्हणून नामदेवांनी ती जागा मागून घेतली, असे परंपरा सांगते. हॉलिवूडच्या ताऱ्यांचे नेमके उलटे आहे. त्यांची नावे जमिनीत बसवली ती त्यांना उंच करण्यासाठी, आणि दररोज हजारो लोक सन्मानाच्या त्या खुणेवरूनच चालत जातात. मान देण्याची जागा आणि तुडवली जाण्याची जागा एकच असणे ही विसंगती रे डेव्हीज यांना फुटपाथवर आयती सापडली, आणि सारे गाणे तिच्यावर उभे आहे.

तिसरी फेरी सर्वांत लांब आहे. आता शब्द समोर घ्यावेत आणि नावांपाशी गाणे थांबवत जावे.

ग्रेटा गार्बो हे पहिले नाव. १९०५ मध्ये स्टॉकहोमला जन्मलेली ही नटी मूकपटांतून बोलपटांत आली आणि हॉलिवूडने तिला राणीसारखे सिंहासनावर बसवले. १९३२ च्या 'ग्रँड हॉटेल' या चित्रपटात मला एकटीला राहू द्या अशा अर्थाचे वाक्य तिच्या तोंडी होते, ते जन्मभर तिलाच चिकटले. १९४१ मध्ये तिचा शेवटचा चित्रपट आला तेव्हा ती ३६ वर्षांची होती. त्यानंतर ती पडद्यावर परतली नाही, आणि १९९० मध्ये मृत्यू येईपर्यंत न्यूयॉर्कमध्ये लोकांपासून दूर राहिली. गाणे लिहिले गेले तेव्हा ती हयात होती, हे विसरू नये. तिच्या नावावर पाय देऊ नका असे गायक म्हणतो, तेव्हा तो एका जिवंत बाईला जपत असतो.

रुडॉल्फ व्हॅलेंटिनोविषयीची ओळ थोडी चावट आहे आणि ती तशीच ऐकावी. इटलीहून आलेला हा मूकपटांचा नायक १९२६ मध्ये अवघ्या ३१ व्या वर्षी गेला आणि न्यूयॉर्कमध्ये त्याच्या अंत्यदर्शनाला हजारोंची झुंबड उडाली. रस्त्यातल्या ताऱ्यावरून जाणाऱ्या स्त्रियांकडे तो अजून बघतोच आहे, अशी कल्पना गाण्यात आहे. सारखी कणव दाखवली असती तर हे गाणे जड झाले असते. त्याच चालीत बेला लुगोसी येतो. जन्माने हंगेरियन असलेल्या या नटाने १९३१ मध्ये पडद्यावर ड्रॅक्युला साकारला आणि ती भूमिका त्याला पुन्हा सोडून गेली नाही. दुखण्यासाठी घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन लागले, त्यातून सुटण्यासाठी १९५५ मध्ये तो आपण होऊन रुग्णालयात दाखल झाला, पुढच्या वर्षी वारला आणि त्याला ड्रॅक्युलाच्या झग्यातच पुरण्यात आले. गाण्यातला त्याच्या चावण्याचा विनोद हे माहीत असताना ऐकला की हसू ओठावरच थांबते, कारण चावणारा होता तो भूमिकेतला, आणि फरशीखाली मात्र माणूस आहे.

बेटी डेव्हिसच्या जवळ उभे राहा, असे गायक सांगतो, कारण तिचे आयुष्य एकाकी होते. ही केवळ कवीची कल्पना नाही. तिने १९६२ मध्ये लिहिलेल्या आत्मचरित्राचे नावच 'द लोनली लाइफ' आहे. दोन ऑस्कर, चार लग्ने आणि स्टुडिओच्या मालकांशी उघड भांडणारा स्वभाव, असे तिचे जगणे होते. येथे मराठी वाचकाला हंसा वाडकर आठवल्यावाचून राहणार नाहीत. त्यांचे 'सांगत्ये ऐका' हे आत्मकथन १९७० चे, म्हणजे या गाण्याच्या दोनच वर्षे आधीचे. त्याचे नाव १९५९ च्या त्यांच्याच गाजलेल्या चित्रपटाचे आहे, आणि प्रेक्षकांनी ज्या नावावर शिट्ट्या वाजवल्या त्याच नावाखाली त्यांनी घराची, पैशाची आणि पुरुषांची हकिकत कुठलाही आडपडदा न ठेवता सांगितली. श्याम बेनेगल यांचा 'भूमिका' पुढे त्यावरूनच आला. बेटी डेव्हिसची ओळ ज्याला नीट ऐकायची आहे, त्याने हे पुस्तक या फेरीआधी अवश्य वाचावे. इंग्रजी गाण्याची ती सर्वांत जवळची मराठी वाट आहे, असे मला वाटते.

जॉर्ज सँडर्स आणि मिकी रूनी ही जोडी सहन करण्याच्या दोन तऱ्हा दाखवते. सँडर्सवर कचरा टाकला तरी त्याचा रुबाब जाणार नाही आणि रूनीला तुडवले तरी तो वळून हसेल, असा या ओळींचा आशय आहे. रूनी लहानपणापासून रंगमंचावर वाढला, १९३९ ते १९४१ या काळात तिकीटबारीवर अमेरिकेत त्याच्या तोडीचा कोणी नव्हता, पुढे आठ लग्ने आणि दिवाळखोरी यांतून जाऊनही तो म्हातारपणापर्यंत काम करत राहिला आणि २०१४ मध्ये वारला. सँडर्सचे तसे झाले नाही. सभ्य, तुच्छतेने बोलणाऱ्या खलनायकाच्या भूमिकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या नटाने २५ एप्रिल १९७२ रोजी स्पेनमध्ये स्वतःचे जीवन संपवले, आणि आपण कंटाळलो आहोत असे चिठ्ठीत लिहून ठेवले. अल्बम बाजारात आला तेव्हा या घटनेला काही महिनेच झाले होते. त्या वर्षीच्या श्रोत्याला ही ओळ किती ताजी लागली असेल, याची कल्पना करून ती पुन्हा एकदा ऐकावी.

मेरिलिन मन्रो शेवटी येते आणि आवाज बदलतो. बाकीच्यांची नावे गायक ओळखीच्या माणसासारखी घेतो, तिचे मात्र घरच्या माणसासारखे, लाडाने. ती लोखंडाची असायला हवी होती, पण हाडामांसाचीच निघाली, या अर्थाचे त्याचे म्हणणे आहे. मेरिलिन ऑगस्ट १९६२ मध्ये गेली तेव्हा तिचेही वय ३६ होते. ज्या वयात गार्बोने कीर्तीकडे पाठ फिरवली, त्याच वयात मेरिलिनचा अंत झाला. गाण्यात वयाचा उल्लेख कुठेच नाही, परंतु पहिले आणि शेवटचे नाव हे दोघींचे आहे, आणि एकदा हा आकडा लक्षात आला की मधली पाचही नावे या दोन टोकांच्या मध्ये ठेवल्यासारखी वाटतात.

या फेरीनंतर शक्य असल्यास १९५० चा 'ऑल अबाउट ईव्ह' हा चित्रपट पाहावा. गाण्यातल्या सातांपैकी तिघे त्यात एकत्र आहेत. वयाची चाळिशी गाठलेली रंगभूमीची सम्राज्ञी बेटी डेव्हिस, धूर्त समीक्षक जॉर्ज सँडर्स, ज्याला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले, आणि छोट्याशा भूमिकेत अजून कोणाला फारशी ठाऊक नसलेली मेरिलिन. एक चाहती आपल्या आवडत्या नटीच्या घरात शिरते आणि हळूहळू तिची जागा घेते, अशी त्याची कथा आहे. पार्टीच्या प्रसंगात तिघे एकमेकांच्या जवळपास वावरताना दिसतात, तेव्हा गाण्यातली ओळ माहीत असलेल्या प्रेक्षकाचे लक्ष कथेवरून उडते, आणि ते उडू द्यावे.

चौथी फेरी फक्त शेवटच्या भागासाठी आहे. यशस्वी माणसाने सावध राहावे, कारण अपयशही त्याच्या बरोबरीने त्याच रस्त्यावर चालत असते, असे बजावून गायक एक इच्छा बोलून दाखवतो. आपले आयुष्य न संपणारा सिनेमा व्हावे, कारण सेल्युलॉइडवरच्या, म्हणजे चित्रपटाच्या फिल्मवरच्या, नायकांना दुखत नाही आणि ते मरतही नाहीत. पुष्कळ जण हा भाग चित्रपटांच्या अमरत्वाचा गौरव म्हणून ऐकतात. माझ्या मते हा चुकीचा अर्थ आहे, आणि गाणे सलग ऐकले नाही तरच तो निघतो. मेरिलिन हाडामांसाची होती हे सांगून झाल्यावर कोणी दुःखरहित फिल्म होण्याची इच्छा धरतो, तेव्हा तो गौरव करत नसून थकून मागणे मागत असतो. ही इच्छा स्वतः गायकाची आहे हेही ध्यानात घ्यावे, कारण इतका वेळ दुसऱ्यांच्या ताऱ्यांकडे बघणारा हा माणूस येथे पहिल्यांदा स्वतःविषयी बोलतो.

शिवाय सेल्युलॉइड मरत नाही हे खरेही नाही. सेल्युलॉइडची जुनी नायट्रेट फिल्म सहज पेट घेते, आणि पेटली नाही तरी वर्षानुवर्षे आपोआप विरत, चिकट होत, शेवटी पूड होते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चित्रपट याच फिल्मवर निघत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तिथल्या पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी सुमारे ७० टक्के नष्ट झाले आहेत. आपल्याकडेही पहिला बोलपट 'आलम आरा' (१९३१) आज कुठेच पाहायला मिळत नाही, फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) तुटकाच हाती आहे, आणि जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला लागलेल्या आगीत अनेक जुने चित्रपट जळून गेले. हे ठाऊक असणारा श्रोता शेवटचे शब्द ऐकतो, तेव्हा त्याला कळते की ज्या अमरत्वाची इच्छा गायक धरतो आहे, तेही ज्वालाग्राही आहे. गायकाला हे अभिप्रेत होते असा माझा दावा नाही, परंतु सिनेमावर प्रेम करणाऱ्याने ते कानाआड करू नये.

कोणाला हे गाणे ऐकवायचे असेल तर आधी सात नावे मराठीत सांगावीत, प्रत्येकी दोन वाक्यांपेक्षा अधिक नकोत, आणि मग मध्ये एक शब्दही न बोलता गाणे पूर्ण वाजू द्यावे. कोणी ते स्वतः गाणार असेल, तर 'पाय देऊ नका' या अर्थाच्या जागा जोर देऊन म्हणू नयेत, त्या शेजाऱ्याला सांगितल्यासारख्या हलक्या याव्यात.

ज्यांचे नातेवाईक कॅलिफोर्नियात आहेत आणि ज्यांना लॉस एंजेलिसला जाण्याचा योग येणार आहे, त्यांच्यासाठी पाचवी फेरी राहते. गाण्यातल्या सातही जणांचे तारे त्या वाटेवर आहेत. ते शोधायला बराच वेळ घालवावा लागतो, कारण नावे काळाच्या किंवा योग्यतेच्या क्रमाने लावलेली नाहीत आणि जगप्रसिद्ध नावाशेजारी कधीही न ऐकलेले नाव येते. सकाळी लवकर जावे, म्हणजे गर्दी कमी असते आणि फरशी नुकतीच धुतलेली सापडण्याचा संभव असतो. गार्बोपासून सुरुवात करावी, गाणे कानाला लावावे, आणि मेरिलिनच्या ताऱ्यापाशी पोहोचल्यावर क्षणभर थांबून तो ओलांडून पुढे जावे.